गाणारा कुठाय? 'ब्लो बाय ब्लो' आणि फंक-रॉक-जॅझ फ्यूजन, सोप्या भाषेत

फ्यूजन हा शब्द आता दिवाळी पहाटेच्या पत्रिकेवरसुद्धा असतो. तबल्याशेजारी कीबोर्ड मांडला, मागे एक पोरगा बास गिटार घेऊन उभा राहिला की झालं फ्यूजन. २०२४ च्या फेब्रुवारीत 'शक्ती' बँडला ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षी डिसेंबरात झाकीर हुसेन गेले, दोन्ही वेळा पेपरात आणि टीव्हीवर जॅझ फ्यूजन जॅझ फ्यूजन असं धडाधड चाललं होतं, पण हे नेमकं असतं काय, कशात काय मिसळतात आणि मिसळलेलं ऐकायचं कसं हे कोणी सांगितलंच नाही. मग कोणीतरी उत्साहाने एखादा अल्बम लावतं, पाच मिनिटं होतात, दहा होतात, आणि घरातलं कोणीतरी विचारतं, "अरे, गाणं कधी सुरू होणार?"

प्रश्न रास्त आहे. थिअरी झोडत बसण्यापेक्षा एकच अल्बम घेऊ आणि तोच नीट उलगडू. जेफ बेक या इंग्लिश गिटारवाल्याचा 'ब्लो बाय ब्लो', १९७५ च्या मार्चमध्ये आलेला. नऊ ट्रॅक, पाऊण तासाला थोडा कमी, आणि गायक म्हणून कोणी नाहीच. तरी अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेला आणि तिथे दहा लाखांच्या वर खपला. गायक नसलेला रॉकवाल्याचा अल्बम एवढा चालणं तेव्हाही विचित्रच होतं आणि आजही आहे.

आणि या अल्बमबद्दल माझं म्हणणं एकच आहे: गिटारवाल्याचा अल्बम असला तरी पहिल्यांदा ऐकताना गिटार ऐकू नका. का ते पुढे येईलच.

आधी हा बेक कोण ते थोडक्यात

१९४४ चा जन्म, लंडनच्या दक्षिणेला वॉलिंग्टन नावाच्या गावातला. १९६५ मध्ये एरिक क्लॅप्टन 'यार्डबर्ड्स' बँड सोडून गेला, त्याच्या जागी हा आला, नंतर त्याच बँडमध्ये जिमी पेजही आला, म्हणजे इंग्लंडचे तीन सगळ्यात गाजलेले गिटारवाले एकाच बँडमधून गेले. त्यातला क्लॅप्टन लोकांना माहितीय, पेज माहितीय, बेक म्हटलं की "कोण?"

आपल्यासाठी एक गंमत. १९६५ च्या 'हार्ट फुल ऑफ सोल' या त्यांच्या गाण्यासाठी स्टुडिओत चक्क सतारवादक बोलावला होता. पण सतारीत तो जोर येईना, मग बेकने फझ, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारी छोटी पेटी, लावून गिटारवरच सतारीसारखी ओळ वाजवली आणि तीच रेकॉर्डवर राहिली. दुसऱ्या वाद्याची नक्कल गिटारवर करायची ही सवय तिथूनच दिसते, ती लक्षात ठेवा.

पुढे त्याने स्वतःचे बँड काढले. पहिल्यात रॉड स्टुअर्ट गायचा, तो गेला. मग दुसरी टीम, मग तिघांचा बँड, तेही मोडले. शेवटी १९७४ मध्ये तो अशा जागी होता की हाताशी गिटार आहे, नाव आहे, गायक नाही. कोणी म्हणेल मजबुरीचा निर्णय. असेलही, पण मजबुरीतून चांगलं काही निघालं तर आपल्याला काय. २०२३ च्या जानेवारीत मेनिंजायटिसने गेला, ७८ वर्षांचा होता.

फंक, रॉक, जॅझ: कशात काय असतं?

रॉक सोपं आहे, ते कानावर असतं. चार मात्रांचं चक्र, त्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ड्रमचा फटका, वर गिटारची फाटकी गर्जना. आवाज हा रॉकचा मुद्दा आहे, आवाजाचा पोत आणि ताकद.

जॅझमध्ये आधी एक धून वाजवतात, मग त्या धुनेखालची कॉर्डची साखळी तशीच फिरत ठेवतात आणि वादक तिच्यावर तिथल्या तिथे नवीन धून रचत जातो, शेवटी मूळ धून परत. कॉर्ड म्हणजे तीनचार सूर एकदम वाजवणं, एवढंच. बंदिश गायची, मग उपज करायची, मग मुखड्यावर परत यायचं हे ज्याला माहितीय त्याला जॅझचा सांगाडा कळायला दोन मिनिटं पुरेत. फरक एवढाच की आपल्याकडे षड्ज ठाम बसलेला असतो, तानपुरा हलत नाही. जॅझमध्ये पायाखालची कॉर्ड दर काही मात्रांनी बदलते, त्यामुळे जो सूर आत्ता गोड लागला तोच पुढच्या क्षणी खुपू शकतो, आणि वादकाला ते डोक्यात ठेवून पळायचं असतं.

आता फंक. इथे जरा थांबू, कारण हा अल्बम उभा आहे तो फंकवर आणि आपल्याकडे सगळ्यात कमी समजलेलीही तीच गोष्ट.

फंक म्हणजे साठच्या दशकात जेम्स ब्राउन आणि त्याच्या वादकांनी घडवलेलं, काळ्या अमेरिकन लोकांचं नाचाचं संगीत. त्यात पहिल्या मात्रेवर सगळं वजन. ते लोक तिला नुसतं 'द वन' म्हणतात, आपण सम म्हणतो. समेवर सगळे एकत्र येतात आणि मधल्या जागेत प्रत्येक जण अगदी थोडं, तुकड्यातुकड्यात वाजवतो: बासचे दोन सूर, ड्रमचा एक हलका ठोका, गिटारची एक 'चिक्', आणि या तुकड्यांच्या मधे मुद्दाम सोडलेली रिकामी जागा. कोणी एकटा पूर्ण काही वाजवतच नाही, पण सगळे मिळून एक गोष्ट तयार होते जिच्यावर पाय हलतो. त्याला ग्रूव्ह म्हणतात.

दोरीवरच्या उड्या आठवा. दोघी दोन टोकं धरून दोरी फिरवतात आणि तिसरी बाजूला उभी राहून नुसती मान हलवत अंदाज घेते आणि बरोब्बर फटीत आत शिरते. बास आणि ड्रम म्हणजे दोरी फिरवणाऱ्या दोघी. गिटार म्हणजे उड्या मारणारी. सगळ्यांचं लक्ष उड्या मारणारीकडे असतं, पण दोरी एकसारखी फिरली नाही तर ती काय करणार, आणि दोरी बघितलीच नाही तर प्रेक्षकाला वाटेल ही बाई जागच्या जागी उगाच का उडतेय.

म्हणून म्हटलं पहिल्यांदा गिटार ऐकू नका. आणि अजून एक, मोबाईलच्या स्पीकरवर तर अजिबात ऐकू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून बासचे खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, म्हणजे दोरीच गायब. माझा तर संशय आहे की निम्म्या लोकांना असलं संगीत कंटाळवाणं वाटतं ते यामुळेच, बिचाऱ्यांनी ते पूर्ण ऐकलेलंच नसतं. साधे वायरवाले इअरफोनसुद्धा चालतील.

मग हे सगळं एकत्र आलं कधी?

१९६९-७० च्या सुमारास. माइल्स डेव्हिस हा जॅझचा मोठा ट्रंपेटवाला, त्याने 'इन अ सायलेंट वे' आणि मग 'बिचेस ब्रू' या दोन अल्बममध्ये जॅझच्या वादकांच्या हातात इलेक्ट्रिक पियानो आणि इलेक्ट्रिक गिटार दिली आणि रॉक-फंकच्या ठेक्यावर लांबच लांब वाजवत सुटले. जुन्या जॅझवाल्यांनी कपाळाला हात लावला. पण त्या अल्बममध्ये वाजवणारे लोक बाहेर पडले आणि त्यांनी आपापले बँड काढले, त्यातला गिटारवाला जॉन मॅकलॉफलिन, त्याने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. नाव असं का, तर तो श्री चिन्मय या आध्यात्मिक गुरूंचा शिष्य होता आणि महाविष्णू हे त्यांनीच त्याला दिलेलं नाव. पुढे याच मॅकलॉफलिनने आपल्या माहीमच्या झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' केला. म्हणजे पेपरात आलेलं ते जॅझ फ्यूजन आणि हा अल्बम हे एकाच घराण्यातले आहेत, लांबचे का होईना.

बेकने महाविष्णूवाल्यांना ऐकलं आणि त्यांचा ड्रमर बिली कोबम याचा १९७३ चा 'स्पेक्ट्रम' हा अल्बम ऐकला आणि त्याला रस्ता दिसला. जॅझवाले रॉककडे आले होते, हा रॉककडून जॅझच्या दिशेने निघाला. निर्माता म्हणून त्याने जॉर्ज मार्टिनला गाठलं. हो, बीटल्सवाले जॉर्ज मार्टिन. त्यांनी नुकताच १९७४ मध्ये महाविष्णूचा 'अपोकॅलिप्स' केला होता, त्यामुळे म्हाताऱ्याला हे नवीन नव्हतं. रेकॉर्डिंग लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसवरच्या त्यांच्याच एअर स्टुडिओत.

आता लावा अल्बम

पहिला ट्रॅक 'यू नो व्हॉट आय मीन'. सुरुवातीपासून ड्रमवर लक्ष द्या. रिचर्ड बेली, मूळचा त्रिनिदादचा, तेव्हा विशीतसुद्धा नव्हता. बास फिल चेन, जमैकाचा, चिनी वंशाचा. या दोघांची दोरी. मग कीबोर्डवर मॅक्स मिडलटन, आणि हा माणूस या अल्बमचा छुपा हीरो आहे असं माझं स्पष्ट मत. त्याच्याकडे दोन वाद्यं: एक फेंडर ऱ्होड्स, म्हणजे इलेक्ट्रिक पियानो, त्यात तारांऐवजी धातूच्या छोट्या काड्या असतात आणि आवाज घंटेसारखा गोल येतो. दुसरं क्लॅव्हिनेट, ते कीबोर्डच असतं पण आत तारा असतात, त्यामुळे आवाज टणटणीत, चावरा, जवळजवळ गिटारीसारखा. पहिल्यांदा ऐकताना बऱ्याच जणांना कळतच नाही की आत्ता गिटार वाजतेय की क्लॅव्हिनेट. तीच तर मजा आहे, दोघं एकमेकांच्या फटीत वाजवतायत.

दुसरा ट्रॅक बीटल्सचं 'शीज अ वुमन', त्याला जरा रेगेचा ठेका दिलाय. इथे मध्येच गिटार बोलल्यासारखी वाटते, ते टॉक बॉक्समुळे. गिटारचा आवाज एका नळीतून वादकाच्या तोंडात सोडतात, तो तोंडाचा आकार बदलून त्या आवाजाला आ-ई-ऊ असे स्वर देतो, आणि समोरचा माइक ते पकडतो. गिटारवर गायकाचं तोंड बसवायचा अगदी शब्दशः प्रकार. खरं सांगायचं तर पूर्ण अल्बममध्ये मला हाच ट्रॅक सगळ्यात कमी आवडतो, युक्ती लक्षात राहते, गाणं नाही.

मग 'कॉन्स्टिपेटेड डक' (नावांचं मनावर घेऊ नका, शब्दच नसल्यावर नाव काहीही ठेवता येतं), मग 'एअर ब्लोअर', आणि ते थेट शिरतं 'स्कॅटरब्रेन'मध्ये. इथे सावरून बसा. हा नऊ मात्रांचा ट्रॅक आहे. रॉक ऐकणाऱ्याचा कान चाराला सरावलेला, त्यामुळे प्रत्येक चक्रात तो एकदा ठेचकाळतो. आपल्याला खरं तर एवढा त्रास व्हायला नको, सात-दहा-चौदा मात्रांचे ताल आपल्या मैफलीत रोज असतात, आणि नऊचा मत्तताल आहेच. फक्त इथे ठेका धरून देणारा तबला नाही, ठेका त्या पळत्या ओळीतूनच शोधायचा. ओळ पकडा, ती गोल फिरून जिथे परत पहिल्यासारखी होते तिथे सम. दोनतीन चक्रांत बसते. एकदा बसली की मग वरून जॉर्ज मार्टिनने घातलेली व्हायोलिनं येतात आणि सगळा गोंधळ एकदम रुबाबदार होतो.

शेवटचा 'डायमंड डस्ट' पाच मात्रांचा, झपतालाच्या बरोबर निम्मा, संथ आणि लांब. व्हायोलिनं तिथेही आहेत, तिथे मात्र साखर थोडी जास्त पडलीय असं मला वाटतं. त्याच्या आधीचा 'फ्रीवे जॅम' मिडलटनने लिहिलेला, अल्बममधला सगळ्यात खुल्या दिलाचा तुकडा, मुळात एक साधी हेलकावणारी धून आणि मग मोकळं रान. कोणाला एकच ऐकवायचा असेल तर हा ऐकवा.

"पण शब्दच नाहीत, मग भावना कशी कळणार?"

ही तक्रार महाराष्ट्रात कोणी केली की मला हसू येतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत बँजो पार्टी असते, गायक नसतो, बँजोवर धून वाजते आणि अख्खी गल्ली नाचते, तेव्हा कोणी विचारत नाही शब्द कुठेत. लग्नात सनई वाजते, डोळ्यात पाणी येतं, शब्द कुठेत? १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरीबरोबर ब्रिजभूषण काबरांची गिटारच होती, तो अल्बम आपल्याकडे किती घरांत वाजला.

यावर कोणी म्हणेल, बँजोवाला ओळखीचं गाणं वाजवतो, शब्द आपल्या डोक्यात आधीच असतात. बरोबर आहे, हा मुद्दा मान्य. म्हणूनच मी सहावा ट्रॅक पुढे करतो, 'कॉज वीव्ह एन्डेड ॲज लव्हर्स'. हे मुळात स्टीव्ही वंडर या काळ्या अमेरिकन गायक-संगीतकाराचं गाणं, शब्द असलेलं, १९७४ मध्ये सिरीटा नावाच्या गायिकेने गायलेलं. बेकने शब्द काढले आणि गायिकेची जागा गिटारने घेतली. आपण मूळ गाणं ऐकलेलं नसतं, तरी पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं की काहीतरी संपलंय.

कसं करतो तो हे? तार छेडली की आधी 'टक्' असा आघात येतो आणि मग सूर. बेक इथे काय करतो, आवाजाचं बटण शून्यावर ठेवून तार छेडतो आणि मग करंगळीने बटण हळूहळू वर नेतो, त्यामुळे आघात गायब, सूर कुठूनतरी उमलत आल्यासारखा येतो, गळ्यातून किंवा सारंगीतून यावा तसा. ही युक्ती रॉय ब्यूकॅनन या अमेरिकन गिटारवाल्याची खासियत, आणि बेकने हा ट्रॅक त्यालाच अर्पण केलाय. मग मींड. सतारीवर पडद्यावरच तार बाजूला खेचून वरच्या सुरात जातात, इलेक्ट्रिक गिटारवर हुबेहूब तेच करतात, तिथे त्याला बेंड म्हणतात. बेक प्रत्येक मींड वेगळी घेतो: कुठे सुराच्या जरा खालीच थांबतो, कुठे उशिरा पोचतो, कुठे पोचून थरथरतो. गायक हेच तर करतात. गिटारही कशी, तर फेंडर कंपनीची एक जुनी टेलिकास्टर जिला सीमोर डंकन नावाच्या तेव्हाच्या एका होतकरू कारागिराने गिब्सन कंपनीचे जुने पिकअप बसवून दिले. पिकअप म्हणजे तारेखालचं लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, तारेची थरथर विजेत बदलणारं. टेलिकास्टरचा मूळ आवाज कोरडा, गिब्सनच्या पिकअपचा भरदार, या जोडीतून एक तिसराच गळा निघाला.

"म्हणजे शेवटी बोटांची कसरतच ना?"

फ्यूजनवर हा आरोप होतो आणि बऱ्याच फ्यूजनवर तो शंभर टक्के खरा आहे, खोटं कशाला बोला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तर कोण जास्त वेगात वाजवतो याच्या शर्यतीच लागल्या, ते अल्बम आज ऐकवत नाहीत. पण या अल्बममध्ये बेक जितका वाजवतो त्याहून जास्त थांबतो. हातात वेग असताना थांबणं हे आपल्याकडे जाणकार लोक दाद देऊन ऐकतात, तोच कान इथे लावा. उड्या मारणारीने दरवेळी दोन गिरक्या घ्यायलाच हव्यात असं कुठे आहे, एखाद्या फेरीत नुसती दोरी फिरू दिली तरी चालतं.

उलट त्याचं दुखणं दुसरंच, माणूस कधी समाधानी नसायचा. किस्सा सांगतात तो असा की अल्बम पूर्ण झाल्यावर बऱ्याच दिवसांनी त्याने जॉर्ज मार्टिनला फोन केला, की तो अमुक सोलो मला परत वाजवायचाय, आणि मार्टिन म्हणाले की बाबा रे, रेकॉर्ड दुकानात गेली.

"धड रॉक नाही, धड जॅझ नाही"

कट्टर जॅझवाल्याला यात कॉर्ड कमी वाटतात, आणि ते खरं आहे, कित्येक ट्रॅक एकदोन कॉर्डवरच चालतात. कट्टर रॉकवाल्याला गाणं नाही म्हणून राग. माझ्या मते बेकने तिन्हीतून एकेकच गोष्ट उचलली: फंकची दोरी, रॉकचा आवाज, आणि जॅझमधलं ते तिथल्या तिथे रचत जाणं. सगळंच्या सगळं उचललं असतं तर बोजड झालं असतं. जे फ्यूजन फसतं त्यात बहुतेक वेळा हेच होतं, सगळे आपापलं पूर्ण सामान घेऊन येतात आणि कोणीच काही घरी ठेवत नाही. दिवाळी पहाटवाल्यांनी याचा विचार करावा, एवढंच बोलतो.

"काळ्या लोकांचं संगीत गोऱ्याने विकलं, असंच ना?"

हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो आणि त्याला गोड उत्तर नाही. फंक काळ्या अमेरिकन लोकांनी बनवलं, त्यांच्या रेडिओवर, त्यांच्या क्लबात, आणि रॉकच्या बाजारात ते गोऱ्या चेहऱ्याने गेलं की जास्त खपायचं, हा इतिहास आहे. मुखपृष्ठावर एकटा बेक आहे, गिटार घेऊन, चित्रात. आत मात्र दोरी फिरवणारे दोघं जमैका आणि त्रिनिदादचे.

पण स्टीव्ही वंडरची गोष्ट उलटीही जाते. १९७२ मध्ये बेक त्याच्या 'टॉकिंग बुक' अल्बमच्या रेकॉर्डिंगला गेला होता, एका ट्रॅकवर गिटारही वाजवली. बदल्यात स्टीव्ही त्याला एक गाणं देणार होता, ते गाणं 'सुपरस्टिशन'. पण स्टीव्हीच्या रेकॉर्ड कंपनीला, मोटाउनला, कळलं की हे सोनं आहे, त्यांनी ते स्टीव्हीच्याच आवाजात आधी बाहेर काढलं आणि ते अमेरिकेत नंबर एकला गेलं. बेकच्या बँडने १९७३ मध्ये ते केलं तेव्हा उशीर झाला होता. 'ब्लो बाय ब्लो'मध्ये स्टीव्हीची दोन गाणी आहेत, 'लव्हर्स' आणि 'थिलोनियस', ती त्याची भरपाई म्हणून दिली असं म्हणतात, आणि 'थिलोनियस'वरचं क्लॅव्हिनेट स्टीव्हीनेच नाव न लावता वाजवलं असंही सांगतात. गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नाव रेकॉर्डवर आहे. 'एअर ब्लोअर'वर तर चौघांचीही नावं आहेत, बेली आणि चेनसकट. त्या काळात ड्रमर आणि बासवाल्याला रचनेचं श्रेय मिळणं फारसं होत नसे. हिशेब पूर्ण चुकता होतो का? नाही. पण नुसती चोरी म्हणून सोडूनही देता येत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच की. मुंबईच्या ताजमध्ये १९३० च्या दशकात अमेरिकेतून आलेले काळे जॅझवाले वाजवायचे, त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं आणि तेच लोक पुढे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. कित्येक गाण्यांतली ती ब्रासची सगळी शान त्यांची, नाव संगीतकाराचं.

पुढे काय झालं

१९७५ मध्ये बेकने महाविष्णूबरोबर अमेरिकेत दौरा केला, १९७६ मध्ये 'वायर्ड' आला, त्यात महाविष्णूचाच जुना कीबोर्डवाला यान हॅमर होता. तो जास्त कडक अल्बम आहे, काहींना तोच आवडतो. गायक नसलेला गिटार अल्बम विकता येतो हे कंपन्यांना कळलं होतं, त्याच वाटेवर १९८७ मध्ये जो सॅट्रिआनीचा 'सर्फिंग विथ द एलियन' आला आणि तोही दहा लाखांच्या वर गेला. बेकने स्वतः पुढे प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची ती छोटी पट्टी, सोडूनच दिली आणि उघड्या बोटांनी वाजवायला लागला, उजव्या हाताने आवाजाचं बटण आणि तारा सैल-ताठ करणारी दांडी दोन्ही सांभाळत, त्यामुळे त्याची मींड आणखी गळ्याजवळ गेली.

किती जवळ ते तपासायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. लंडनच्या नितीन साहनीच्या १९९९ च्या 'बियाँड स्किन' या अल्बममध्ये 'नादिया' नावाचं गाणं आहे, गायलंय स्वाती नाटेकर यांनी, आपल्या पद्धतीच्या आलापी-मुरक्यांसकट. बेकने ते ऐकलं आणि 'यू हॅड इट कमिंग' या अल्बममध्ये तेच गाणं गिटारवर वाजवलं, मुरकी न मुरकी, तारा सैल-ताठ करत. आधी नाटेकरांचं ऐका आणि मग बेकचं, उलट क्रमाने ऐकलंत तर त्याने नेमकं काय काय उचललंय ते कळणार नाही, आणि पुन्हा सांगतो, मोबाईलच्या स्पीकरवर नको.